उष्टी हळद

आत्या माझ्या गालाला हळद लावणार, एवढ्यात मला वाटीत वळवळ दिसली. नवरदेवाला लावून उरलेली हळद घेऊन त्याची बहीण नुकतीच आली होती. त्या ओल्या हळदीत पिकावरचा मावा चिकटला होता. हिरवट-काळे बारीक किडे अजून पाय झाडत होते. मी मान मागे घेतली.

"अगं, पिवळ्यावर किडे बसायचेच," म्हणत आत्याने चार-दोन किडे बोटाने काढले आणि पदराला पुसले.

हे किडे मला चांगले ठाऊक होते. पपईचा व्हायरस झाडाझाडावर तेच नेतात. नवरदेवाचं नि माझं शेत बांधाला बांध लागून. म्हणून दोघांनी ठरवलं होतं, लग्नाआधी सगळी रोगट झाडं उपटून जाळायची. मी माझी दोनशे झाडं फळांसकट उपटली. चिकाने हाताची सालटं निघाली, त्या जखमा अजून भरल्या नाहीत. "माझीही जाळली," असं त्याने फोनवर शपथेवर सांगितलं होतं.

"हळद कुठे लावली त्यांना?" मी विचारलं.

"मळ्यातच की, पपईच्या सावलीत," नणंद कौतुकाने म्हणाली. "दादाने एक झाड काढलं नाही. म्हणाला, तिची उपटली ना तिने, मग आपल्याला कसली भीती? फार हुशार आहे हो, वहिनी!"

आत्याचं बोट माझ्या गालाशी आलं होतं. मी ते बाजूला केलं आणि वाटी नणंदेच्या हातात परत दिली.

"असले पिवळे चिकट सापळे मी शेतात टांगते," मी म्हणाले. "त्यात किडे अडकतात. मी नाही."