चिप जागची हलणार नाही

मोटारपंप ठरल्या वेळी आपोआप चालू-बंद करणारी सर्किटं दीपमालानं तुमसरच्या आपल्या दुकानातून गावोगाव बसवली होती. पण त्यातला प्रोग्राम बदलायचा म्हटलं, की चिप सॉकेटमधून उपसायची, दुकानात आणायची, भरून परत न्यायची. आणि एवढ्या उपद्व्यापात तिचा एखादा पाय मोडला, की डोक्याला हात लावून बसायचं. शेवटी वैतागून तिनं आठ दिवस खपून एक छोटासा अ‍ॅडाप्टर बनवला. सहा वायरी, एक टोक लॅपटॉपला, दुसरं थेट सर्किटला. चिप जागची हलवायलाच नको!

पहिला मान आंधळगावच्या पार्वताबाईंचा. शेतीच्या लाईटची वेळ बदलल्यापासून त्यांचा पंप सुरूच होत नव्हता आणि धानाचे पऱ्हे, लावणीसाठी वाढवलेली कोवळी रोपं, पिवळे पडायला लागले होते. त्यांना चकित करायचं म्हणून दीपमाला फोनबिन न करता स्कूटीनं थेट बांधावर पोहोचली.

"काकू, आता चिप काढाचं कामच नाही! इथंच, तुमच्या डोळ्यापुढं प्रोग्राम भरून देते," अ‍ॅडाप्टर नाचवत ती म्हणाली आणि तिनं पंपाची पेटी उघडली.

सॉकेट रिकामं होतं.



"कितीक चकरा मारशीन माय माझ्यासाठी!" पार्वताबाई कौतुकानं हसल्या. "म्हणून मीच काढली चिप, अन् सकाळच्याच एसटीनं तुह्या काकाच्या हाती तुमसरले दुकानात धाडून देली. एक पाय वाकू देला नाही!"