तलावाकाठची सोबत

वनरक्षकाची परीक्षा होईपर्यंत लग्नाचं नाव काढणार नाही, असं बाबांनी कबूल केलं आणि आचलला उन्हाळ्याचे दोन महिने अभ्यासासाठी नवेगाव बांध या गावी, आत्याकडे धाडलं. तिथे तलाव होता, शांतता होती आणि शेजारच्या सुखवंताकाकू होत्या. "लग्न कधी?" असं एकदाही न विचारणारी गावातली ही एकच बाई. रोज सायंकाळी त्या तलावाच्या पाळीवर सोबतीला येऊन बसायच्या, आणि आचल त्यांना मनातलं सगळं सांगायची. राग कसा येतो, भाजी कशी करपते, पहिला पगार कशावर उडवायचा. काकू हसून ऐकायच्या.

निघायच्या दिवशी काकूंनी तिला कुंकू लावून हातात साडी ठेवली.

आत्या खुशीत म्हणाली, "काकूच्या पोरासाठी पसंत पडली तू! चहापोह्यात पोरगी काय समजते? म्हणून तर तुह्या बाबानं दोन महिने ठेवली तुले इथं."

"आणि मी पोराला कधी पाहायचं?"

काकूंनी मायेनं तिच्या गालावरून हात फिरवला. "त्याले कायले पाहा लागते, बाई? फोटो धाडतो ना."