वेखंडाची सकाळ

१९७१ साली सोलापुरात नागमणी तीन वर्षांची झाली, तरी बोलेना. “दोन भाषांत पोरीची जीभ अडकली,” म्हणत तेलुगू सासूबाईंनी कुमुदला लेकीशी मराठी बोलायला बंदी केली. कुमुद अंगाईसुद्धा नुसती गुणगुणायची.

एका सकाळी सासूबाई वेखंड उगाळून नातीच्या जिभेला लावू लागल्या. “नको अव्वा, कडू लागतं!” पोर तेलुगूत कडाडली आणि कुमुदच्या कुशीत शिरून मराठीत म्हणाली, “आई, अव्वाला सांग ना, मी रोज बोलेन!”

दोन्ही भाषांत सरळ, अख्खं वाक्य. सहाण बाजूला सारत सासूबाई सुनेला म्हणाल्या, “बोल गं बाई, तुझ्याच भाषेत बोल तिच्याशी!”

अव्वा नातीचं लग्न बघून गेल्या. नागमणी कोर्टात दुभाषी झाली. कुमुद मात्र अजून फोनवर लेकीला बोलूच देत नाही.