नेदरलँड्सच्या क्लबची निवड

मिशिगनमधल्या आमच्या अकादमीतून सोळा वर्षांचा कोल्बी नेदरलँड्सच्या फुटबॉल क्लबकडे निघाला, तेव्हा आमचे प्रशिक्षक जाम चिडले. "आम्ही राबून तयार करायचं आणि त्यांनी आयतं उचलायचं, होय?" कोल्बीची आई मूळची तिकडची, त्यामुळे पासपोर्टची अडचण नव्हती. पोरगं लहान म्हणून सोबतीला बाप गेला, रॉस.

रॉस इकडे गोल्फच्या मैदानाची हिरवळ राखायचा. तिकडे त्याला दिवसभर काही उद्योगच नव्हता. पोराचा सराव बघता बघता गोलसमोर टक्कल पडलेलं गवत त्याला बघवेना. "अहो, इथं पाणी मुरतच नाहीये," म्हणत त्याने माळ्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि कामालाच लागला. वसंतापर्यंत क्लबचा मोठा संघही सरावाला त्याच मैदानावर येऊ लागला.

हंगाम संपल्यावर क्लबच्या साहेबांनी बापलेकांना बोलावलं. "कोल्बी, तू गुणी आहेस, पण आमच्या संघात तुझी जागा होत नाही."

कोल्बीचा चेहरा पडला. रॉसने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "चल रे राजा, घरी जाऊ."



"अहो रॉस, तुम्ही कुठे निघालात?" साहेब घाईघाईने कागद पुढे सरकवत म्हणाले. "तुमचा तीन वर्षांचा करार तयार आहे!"