आठची वेळ

लेकीचा फोन ठेवल्या ठेवल्या नानांनी कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं : टोरंटो ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर, पुढे नाशिकचा रस्ता, सगळे मिळून चोवीस तास. आज रात्री आठला निघणार, म्हणजे उद्या रात्री आठला दारात. एसटी स्टँडवर तीस वर्षं गाड्यांच्या वेळा लावलेला माणूस तो. या गणिताला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"वृषाली उद्या आठला येतेय गं," ते बायकोच्या कानाशी वाकून म्हणाले. डॉक्टरांनी आशा सोडून तिला घरी पाठवलं होतं.

"तुम्ही म्हणता ना आठ? मग थांबते."

दुसरा दिवस तिने नुसता श्वास ओढत काढला. पाण्याचा चमचा पुढे केला की तोंड फिरवायची. शेवटचं पाणी लेकीच्या हातचं हवं होतं. आठ वाजले तशी तिची नजर घड्याळावरून दाराकडे गेली. साडेआठला तिने एकदा नानांकडे पाहिलं आणि डोळे मिटले, ते मिटलेच.

नऊला फोन वाजला. "नाना, आत्ता दुबईत उतरलेय. पहाटे साडेपाचपर्यंत घरी पोचते."

"अगं, पण तू आठला निघालीस ना?"

"टोरंटोच्या आठला, नाना. तेव्हा तुमच्याकडे पहाट झाली होती. आईला म्हणावं, थोडं थांब."

नानांनी पलंगाकडे पाहिलं.

"थांबली होती गं," ते म्हणाले. "मी सांगितलं तेवढी."