सृष्टीची पवनचक्की

अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या शाळेच्या छतावर छोटी पवनचक्की बसली, तेव्हा आलेल्या पाहुण्यांना ती समजावून सांगायचं काम आराधनाबाईंनी आठवीतल्या सृष्टीला दिलं. एरवी मान खाली घालून बसणारी ही पोर त्या दिवशी मात्र वाऱ्यापासून वीज कशी होते, बॅटरीत कशी साठते, वर्गातल्या दिव्यापर्यंत कशी पोचते, हे कुठेही न अडखळता घडाघडा बोलली. बाईंना भरून आलं. त्यांनी सगळं मोबाईलवर टिपलं आणि पालकांच्या ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांत तो व्हिडिओ आसपासच्या गावांत फिरला.

सोमवारी सृष्टी शाळेत आली नाही. तिचे वडील मात्र पेढे घेऊन आले.

"बाई, तुमचे लई उपकार झाले बगा."

"उपकार कसले? पोर हुशारच आहे तुमची," पेढा घेत बाई हसून म्हणाल्या. "दहावी झाली की तिला इंजिनियरिंगच्या शिक्षणाला पाठवा. नाही म्हणू नका."


"आता ते तिच्या सासरचे ठरवतील बाई. तुमचा व्हिडिओ बघूनच त्यांनी पोरगी पसंत केली, येत्या रविवारी लगीन हाय."