उसवलेलं जाळं

बारशाला आत्याने कानात नाव सांगण्याआधी बाळाला जाळ्याची सुई द्यायची, ही गडचिरोलीकडे सिकलसेल असलेल्या घरांत आता रीतच झाली होती. सुईतला द्रव कातडीखाली आपलं जाळं आपणच विणायचा आणि रक्त मागेल तेवढंच औषध जन्मभर सोडत राहायचा.

जागा पाहायला डॉक्टर हेमलता गेडामांनी निळा दिवा बाळाच्या दंडावर धरला आणि त्या थबकल्या. केसाहून बारीक जाळं तिथे आधीच चमकत होतं.

"याला सुई कोणी दिली?"

"कोणीच नाही जी," बाळाची आई शेवंता म्हणाली.

डॉक्टरांनी दिवा तिच्या दंडाकडे वळवला. लहानपणापासूनचं तिचं जाळं अर्धंअधिक उसवलं होतं.

"सांधे दुखतात का गं?"

"सातव्या महिन्यापासून. मला वाटलं, पोटुशीला दुखतंच."

आईच्या अंगातले धागे सुटून बाळाकडे गेले होते आणि तिथे पुन्हा जुळले होते. हे त्या धाग्यांना कोणीही शिकवलं नव्हतं. बाळासाठी भरलेली सुई डॉक्टरांनी शेवंताच्या दंडाला लावली.

"बाळाची सुई मला कशाला?"

"त्याला तू तुझी कधीच देऊन बसलीस, बाई."